नाव नव्हे, प्रत बघा: भयकथा आणि गूढविद्येची जुनी पुस्तकं वाचताना, घेताना, जपताना

‘फ्रँकेन्स्टाइन’ वाचलेल्या दोघांचा एलिझाबेथवरून वाद झाला, तर दोघंही बरोबर असू शकतात. १८१८ साली हे पुस्तक लेखिकेच्या नावाशिवाय, तीन खंडांत, ५०० प्रती काढून छापलं गेलं. त्यात एलिझाबेथ ही नायक व्हिक्टरची आतेबहीण आहे. १८३१ साली मेरी शेलीने ते बरंच बदलून एका खंडात आणलं. त्यात एलिझाबेथ परक्या घरातून आणून वाढवलेली पोरकी मुलगी झाली आणि नियतीचा हात सगळीकडे जड झाला. आज दोन्ही संहिता एकाच नावाने विकल्या जातात आणि स्वस्त प्रतींवर साल लिहिण्याची तसदी कुणी घेत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. प्रकरणं सलग चालत २४ पर्यंत गेली, तर ती १८३१ ची संहिता. प्रत्येक खंडागणिक क्रमांक पुन्हा १ पासून सुरू झाला, तर १८१८ ची. पुस्तक हातात घेतल्यावर अर्ध्या मिनिटात कळतं.

या साहित्यप्रकाराचा जन्मच मुळी खोट्या शीर्षकपानातून झाला. होरेस वॉलपोलचं ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ डिसेंबर १७६४ मध्ये आलं, तेव्हा ते १५२९ साली नेपल्सला छापलेल्या एका इटालियन ग्रंथाचं भाषांतर आहे, असं त्यात सांगितलं होतं. मूळ लेखकाचं नाव कल्पित, भाषांतरकाराचंही कल्पित. पुस्तक खपल्यावर १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोलने खरं काय ते कबूल केलं. १८१९ मध्ये पॉलिडोरीची ‘द व्हॅम्पायर’ मासिकात आली ती बायरनच्या नावावर. मॅथ्यू लुइसच्या ‘द मंक’वर (१७९६) इतकी ओरड झाली की १७९८ च्या चौथ्या आवृत्तीत त्याने स्वतःच कात्री चालवली. म्हणून या विषयात पुस्तकाचं नाव ऐकून पैसे काढू नयेत. कुठली संहिता, कुणी संपादित केलेली, कधी छापलेली, ते आधी बघायचं. पुढचं सगळं त्याच बघण्याबद्दल आहे.

आधी फुकटात वाचून घ्या

भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. हिशेब बोटांवर होतो. जुन्या भयकथाकारांपैकी विल्यम होप हॉजसन १९१८ साली गेला, एम. आर. जेम्स १९३६, लव्हक्राफ्ट १९३७, आर्थर मॅकन १९४७, आल्जर्नन ब्लॅकवुड १९५१, लॉर्ड डनसेनी १९५७, क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ १९६१. हे सगळे आपल्याकडे मोकळे झालेले आहेत. डेनिस व्हीटली १९७७ साली गेला, त्यामुळे तो २०३७ संपेपर्यंत बंद. मराठीत भाषांतर करायचं मनात असेल, तर पहिलं काम म्हणजे मृत्यूचं साल बघणं. मात्र मूळ कथा खुली असली तरी अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना, टिपा किंवा नवं इंग्रजी भाषांतर खुलं नसतं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट आर्काइव्ह या दोन संकेतस्थळांवर बहुतेक जुनं सापडतं. त्यातही आर्काइव्हवर मूळ पानांचे फोटो असतात आणि प्रती पडताळायला तेच लागतात.

छापील हवंच असेल, तर स्कॅनवरून मागणीप्रमाणे छापल्या जाणाऱ्या प्रतींपासून सांभाळून राहा. मुखपृष्ठ चकचकीत असतं, पण आत प्रकाशकाचा पत्ता नाही, मूळ आवृत्तीचं साल नाही. संगणकाने अक्षरं चुकीची ओळखलेली असतात आणि चित्रं गाळलेली असतात. जेम्सच्या १९०४ च्या पहिल्या संग्रहात आठ कथा आणि जेम्स मॅकब्राइडची चार चित्रं आहेत, त्यातली दोन ‘कॅनन अल्बेरिक’च्या कथेत. पुनर्मुद्रणात ती चार नसतील, तर बाकी कुठे काटकसर केली असेल त्याचा अंदाज येतो.

वाचनाचा क्रम

कालक्रमाने वाचू नका. धारप-मतकरी वाचून पुढे आलेला वाचक ‘ओट्रँटो’पासून सुरुवात करतो, पहिल्याच पानांत आकाशातून राक्षसी शिरस्त्राण पडून नवरदेव चिरडला जातो, आणि वाचक हसत पुस्तक मिटतो. ते वाचायचंच, पण सगळ्यात शेवटी, हा प्रकार कुठून आला ते समजून घ्यायला.

सुरुवात जेम्सपासून करा. रात्रीला एकच कथा, शक्यतो मोठ्याने. जेम्सने त्यातल्या कितीतरी नाताळच्या सुमारास केंब्रिजच्या मित्रमंडळीला वाचून दाखवण्यासाठीच लिहिल्या होत्या, त्यामुळे त्या कानाला चांगल्या लागतात. ‘ओ, व्हिसल, अँड आय’ल कम टू यू, माय लॅड’ आणि मग ‘कास्टिंग द रून्स’. त्यानंतर शेरिडन ल फानूचा १८७२ चा ‘इन अ ग्लास डार्कली’ हा संग्रह घ्या. त्यात पाच कथा आहेत आणि शेवटची ‘कार्मिला’ आहे. ‘ड्रॅक्युला’च्या २५ वर्षं आधीची ही रक्तपिपासू, आणि ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर वाचला तर ब्रॅम स्टोकरने काय उचललं ते लख्ख दिसतं.

मग ब्लॅकवुडची ‘द विलोज’. डॅन्यूब नदीत होडीने निघालेले दोघे, पुरात झिजत जाणारं बेट आणि सगळीकडे वाळुंज. भूत असं कुठे नाहीच. पुरात काठाची माती ढासळताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही कथा जरा जास्तच लागेल. मॅकनची ‘द ग्रेट गॉड पॅन’ (१८९४) त्यानंतर. तिथे कथा तुकड्यातुकड्यांत येते, पात्रांची नावं कागदावर मांडून वाचली तर धागा सुटत नाही.

रॉबर्ट चेंबर्सच्या ‘द किंग इन यलो’बाबत (१८९५) एक फसगत नेहमी होते. पुस्तकात दहा कथा आहेत, पण वाचणाऱ्याला वेड लावणाऱ्या त्या नाटकाचा धागा पहिल्या चार कथांपुरताच. मागच्या बऱ्याचशा पॅरिसमधल्या चित्रकारांच्या प्रेमकथा आहेत. चार वाचा आणि थांबा. हॉजसनचं ‘द हाउस ऑन द बॉर्डरलँड’ (१९०८) नक्की वाचा. ‘द नाइट लँड’ (१९१२) मात्र मुद्दाम जुनाट केलेल्या इंग्रजीत आहे, ते सवय झाल्याशिवाय हातात घेऊ नका. ‘व्हार्नी द व्हॅम्पायर’ तर दोनशेहून अधिक प्रकरणांचं आहे आणि दर आठवड्याला पेनीला एक भाग या हिशेबाने लिहिलेलं. चवीपुरती पहिली काही प्रकरणं पुरेत.

लव्हक्राफ्टपाशी आलात की संहितेचा प्रश्न पुन्हा येतो. ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ १९३६ मध्ये ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आली तेव्हा संपादकांनी परिच्छेद तोडले, मजकूर कापला, आणि तीच मोडकी संहिता पुढे कितीतरी वर्षं छापली जात राहिली. हस्तलिखितांवरून ती दुरुस्त करणारा माणूस आपल्या पुण्यात जन्मलेला: एस. टी. जोशी, म्हणजे सुनंद त्र्यंबक जोशी, जन्म १९५८. लहानपणीच अमेरिकेत गेले आणि पुढे लव्हक्राफ्टचे सर्वांत मोठे अभ्यासक झाले. अर्कम हाउस या प्रकाशनाच्या १९८४ ते १९८६ मधल्या तीन खंडांत त्यांनी दुरुस्त केलेली संहिता आहे. कुठलीही प्रत घेताना ‘संहिता-दुरुस्ती: जोशी’ अशा अर्थाची नोंद आत आहे का ते बघा. शिवाय मुखपृष्ठावर लव्हक्राफ्ट आणि ऑगस्ट डर्लेथ अशी दोन नावं असतील, तर ते जवळजवळ संपूर्ण डर्लेथचं लेखन समजा. ‘द लर्कर अ‍ॅट द थ्रेशोल्ड’मध्ये (१९४५) लव्हक्राफ्टचे फारच थोडे शब्द आहेत.

पुढचं काय वाचायचं याची यादी हवी असेल, तर लव्हक्राफ्टचाच १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेला अद्भुत भयसाहित्यावरचा दीर्घ निबंध काढा आणि त्यात आलेल्या नावांवर पेन्सिलने खुणा करत जा. आणखी कानाकोपऱ्यातलं हवं असेल, तर जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दॅंगर अ‍ॅबी’त उल्लेखलेल्या सात ‘भयानक’ कादंबऱ्या. ही नावं तिने कल्पनेनं रचली असावीत, असं कितीतरी काळ लोकांना वाटायचं. विसाव्या शतकात सातही प्रत्यक्षात सापडल्या. अमेरिकेतल्या व्हॅलनकोर्ट या छोट्या प्रकाशनाने त्या पुन्हा छापल्या आहेत.

गूढविद्येच्या पुस्तकांत खरं-खोटं

इथे प्रत्येक पुस्तकाला चार प्रश्न विचारायचे. कुठल्या हस्तलिखितावरून? ते हस्तलिखित कुठे ठेवलेलं आहे? संपादक कोण? त्याने काय गाळलं? ज्या पुस्तकात या चारांपैकी एकाचंही उत्तर नाही, ते कितीही काळं आणि सोनेरी असलं तरी शोभेचं.

अब्रामेलिन या जादूगाराच्या साधनेचं जुनं पुस्तक उदाहरणाला घ्या. मॅकग्रेगर मॅथर्सने १८९०च्या दशकात त्याचं इंग्रजी केलं ते पॅरिसच्या आर्सेनाल ग्रंथालयातल्या फ्रेंच हस्तलिखितावरून. त्यात साधनेचा काळ सहा महिने दिला आहे. जर्मन हस्तलिखितं त्याहून जुनी निघाली आणि त्यांत तोच काळ अठरा महिने आहे. त्यांवरून गेओर्ग डेन यांनी केलेल्या आवृत्तीचं इंग्रजी भाषांतर २००६ मध्ये आलं. त्यातले मंत्रासारखे वापरायचे अक्षरांचे चौरसही पुष्कळ जास्त भरलेले आहेत. म्हणजे गेलं शतकभर ज्या ‘सहा महिन्यां’वर चर्चा झडल्या, ती एका हस्तलिखितातली गोष्ट होती. अभ्यासाला दोन्ही हव्यात. एकच घेणार असाल तर नंतरची.

‘गोएशिया’ (दैत्यांना बोलावण्याच्या विधींची पोथी) १९०४ मध्ये अलेस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्याने छापली, भाषांतर मुळात मॅथर्सचं. शिकागोच्या डी लॉरेन्सने १९१६ मध्ये ती सरळ उचलून आपल्या नावाने विकली. चांगली संहिता हवी असेल तर जोसेफ पीटरसन यांची २००१ ची आवृत्ती, जी हस्तलिखितं ताडून केलेली आहे. फ्रान्सिस बॅरेटचं ‘द मेगस’ (१८०१) दिसायला भारदस्त, पण मजकूर बहुतांशी अग्रिपा या सोळाव्या शतकातल्या गूढविद्येच्या लेखकाच्या ग्रंथाच्या १६५१ च्या इंग्रजी भाषांतरातून उतरवलेला. गंमत अशी की ते छापणारं लंडनचं लॅकिंग्टनचं दुकान तेच, ज्याने पुढे ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढलं.

‘ग्रँड ग्रिमॉयर’, ‘रेड ड्रॅगन’ या जातीच्या जादूच्या फ्रेंच चोपड्यांवर १५२१ किंवा १५२२ असं साल दिसेल. ते साल भाव वाढवण्यासाठी घातलेलं आहे. या चोपड्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, फेरीवाले विकत त्या प्रकारातल्या. चेटकिणींच्या छळाचं कुप्रसिद्ध ‘मालेयुस मालेफिकारुम’ (१४८६) वाचायचं असेल, तर माँटेग्यू समर्सचं १९२८ चं भाषांतर सहज मिळतं, पण समर्सचा स्वतःचाच चेटकिणींवर विश्वास होता आणि तो टिपांमधून सांडत राहतो. क्रिस्टोफर मॅके यांचं २००६ चं भाषांतर घ्या.

आणि ‘नेक्रोनॉमिकॉन’. हे पुस्तक अस्तित्वात नव्हतं. लव्हक्राफ्टने ते कल्पिलं, अरब लेखकासकट. १९७७ मध्ये ‘सायमन’ या टोपणनावाने न्यूयॉर्कला एक निघालं, १९७८ मध्ये इंग्लंडात दुसरं. पहिल्यात मेसोपोटेमियाच्या देवदेवतांची खिचडी आहे. दोन्ही संग्रहाच्या वस्तू म्हणून ठीक आहेत. कुणी ‘मूळ अरबी प्रत’ विकायला आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

थिऑसॉफी या गूढज्ञानाच्या चळवळीच्या पुस्तकांचा आपल्याशी थेट संबंध. सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली, १८७९ मध्ये संस्थापक मुंबईत आले आणि ‘द थिऑसॉफिस्ट’ मासिक त्याच ऑक्टोबरात मुंबईतूनच सुरू झालं. संस्थापकांपैकी ब्लाव्हात्स्की बाईंचं ‘द सीक्रेट डॉक्ट्रिन’ घेताना खंड मोजा. १८८८ ची मूळ आवृत्ती दोन खंडांची. तिसरा खंड १८९७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी निघाला. सोसायटीच्या मद्रासमधल्या अड्यार मुख्यालयाची १९३८ ची आवृत्ती सहा खंडांची, त्यातला पाचवा म्हणजे तोच मरणोत्तर मजकूर आणि सहावा सूची. विक्रेता ‘पूर्ण संच’ म्हणतो, तेव्हा कुठला पूर्ण ते विचारायचं.

या ग्रंथांतले धूप आणि लेप करून बघण्याच्या फंदात पडू नका. अग्रिपाच्या शनीच्या धूपात खुरासनी ओव्याच्या जातीचं विषारी बी आणि मँड्रेकचं मूळ आहे. दोन्ही विषारीच, आणि बंद खोलीत त्यांचा धूर करणं म्हणजे आपणहून दवाखाना गाठणं.

हातात घेतलेली प्रत तपासायची कशी

फुटपाथवर उभं राहूनही पाच मिनिटांत होतं. क्रम असा ठेवा.

पहिलं शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अमेरिकी-ब्रिटिश पुस्तकांत मागे आकड्यांची ओळ असते. त्यात १ शिल्लक असेल तर पहिलं मुद्रण, सर्वांत लहान आकडा ४ असेल तर चौथं. याला अपवाद आहेत. रँडम हाउस कितीतरी वर्षं ‘पहिली आवृत्ती’ असं छापून ओळ २ पासून सुरू करत असे.

डबलडे या प्रकाशनाची जुनी पुस्तकं वेगळ्या जागी बोलतात. शेवटच्या पानांपैकी एकाच्या शिवणीलगत, अगदी आत, बारीक अक्षरात एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर म्हणजे वर्ष, आकडा म्हणजे आठवडा. स्टीफन किंगच्या ‘कॅरी’त पान १९९ वर ‘पी ६’, ‘सालेम्स लॉट’मध्ये पान ४३९ वर ‘क्यू ३७’, ‘द शायनिंग’मध्ये पान ४४७ वर ‘आर ४९’. पुस्तक जरा जास्त उघडून बॅटरी मारल्याशिवाय दिसत नाही. ‘सालेम्स लॉट’ (धारपांच्या ‘लुचाई’चं मूळ) याच्या वेष्टनावर, म्हणजे पुठ्ठ्यावरच्या सुट्या कागदी आवरणावर, आणखी एक खूण आहे. आतल्या घडीवर धर्मगुरूचं नाव चुकून ‘फादर कोडी’ असं छापलं गेलं आणि किंमत ८.९५ डॉलर होती. किंमत उतरवल्यावर कोपरे कापून ७.९५ छापलं, नंतर नाव दुरुस्त करून ‘फादर कॅलहन’ केलं. कोपरा न कापलेलं, ८.९५ आणि कोडी असलेलं वेष्टन अतिशय दुर्मिळ. तेव्हा तसं कुणी दाखवलं तर आधी वेष्टन नकली आहे का ते बघा: छपाई ठिपक्याठिपक्यांची, कागद करकरीत, घड्यांवर झीज अजिबात नाही, पण आतलं पुस्तक मात्र चांगलं वापरलेलं.

बुक क्लबच्या प्रती यातच मिसळलेल्या असतात. वेष्टनाच्या घडीवर किंमत नाही, कागद हलका, आकार किंचित लहान, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात बोटाला लागेल असा खोलगट ठिपका किंवा चौकोन. वाचायला उत्तम, संग्रहाच्या भावात घेऊ नका.

अर्कम हाउसची जुनी पुस्तकं मागून उघडा. शेवटी मुद्रणाची नोंद असते आणि तीत बरेचदा किती प्रती काढल्या तो आकडाही. १९३९ चं त्यांचं पहिलं पुस्तक, लव्हक्राफ्टचं ‘द आउटसायडर अँड अदर्स’, १,२६८ प्रतींचं होतं.

एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत पानं मोजण्यापेक्षा फर्मे (एका मोठ्या छापील कागदाच्या घडीतून होणारे पानांचे गठ्ठे) मोजा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी एक अक्षर असतं. सोळा पानी फर्मा असेल तर पान १ वर बी, १७ वर सी, ३३ वर डी. इंग्रजी छापखाने जे, व्ही आणि डब्ल्यू वगळत, त्यामुळे आयनंतर के आला म्हणून घाबरू नका. पण एफनंतर एच आला तर सोळा पानं गेलेली आहेत. अर्धशीर्षक (शीर्षकपानाआधीचं, फक्त नाव असलेलं पान) आणि शेवटची जाहिरातींची पानं आहेत का तेही बघा. जुने बाइंडर नेमकी तीच फाडून टाकत. ‘ड्रॅक्युला’ची १८९७ ची पहिली आवृत्ती पिवळ्या कापडात, लाल अक्षरांत, सहा शिलिंगांची. पिवळं कापड मळतंच, आणि ते अगदी स्वच्छ असेल तर धुतलेलं किंवा नवं चढवलेलं असण्याची शंका घ्यावी.

भारतात छापलेलं एक रत्न लक्षात ठेवा. किपलिंगच्या भयकथांचं ‘द फँटम रिक्शा’ १८८८ मध्ये अलाहाबादच्या ए. एच. व्हीलरने रेल्वे लायब्ररी मालिकेत पाचवं पुस्तक म्हणून काढलं, कागदी मुखपृष्ठ, किंमत एक रुपया. कुणी ते पुठ्ठ्यात बांधताना मुखपृष्ठ फेकलं असेल, तर किंमत जवळजवळ सगळी गेली. आणि ‘वेताळपंचविशी’ लहानपणी वाचलेल्यांनी रिचर्ड बर्टनचं ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ (१८७०) जरूर मिळवावं. पंचवीसपैकी अकराच कथा घेतल्यात आणि त्याही त्याने आपल्या मनाने रंगवल्यात.

कुठे आणि कसं घ्यायचं

मुंबईत फ्लोरा फाउंटन आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल, हैदराबादला आबिड्सचा रविवारचा बाजार, कोलकात्यात कॉलेज स्ट्रीट. दिल्लीचा दर्यागंजचा रविवार बाजार २०१९ पासून महिला हाटमध्ये भरतो. गूढविद्येची पुस्तकं बहुधा ज्योतिष, योग किंवा ‘धार्मिक’ या ढिगात असतात, कथांमध्ये शोधून मिळत नाहीत. सुरुवातीला डोळ्यांसमोर एक छोटं लक्ष्य ठेवा, म्हणजे हाताला वळण लागतं. स्फिअरने १९७४ ते १९७७ मध्ये काढलेली डेनिस व्हीटली गूढ ग्रंथमाला त्यासाठी चांगली आहे. पेपरबॅक, ४५ पुस्तकं, पहिलं ‘ड्रॅक्युला’. कणा चिकटवलेला असतो आणि डिंक आता वाळून ठिसूळ झालेला, म्हणून ती पुस्तकं काटकोनाहून जास्त उघडू नका. तडकन आवाज आला की पानं सुटायला लागली.

परदेशातून मागवताना विक्रेत्याकडून सहा फोटो मागा: शीर्षकपान, त्याची मागची बाजू, शेवटचं छापील पान, कणा, पुठ्ठा आणि पानं जोडणारा सांधा, वेष्टनाची किंमत असलेली घडी. ‘वयाच्या मानाने उत्तम’ या वर्णनाला काही अर्थ नाही. २०१९ पासून आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लागू झालं, आणि कुरियरवाले त्यावर आपला आकार लावतात, तो आधी विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो मागवू नका. मागवलंच तर आत प्लास्टिकची सीलबंद पिशवी घालायला सांगा.

घरात आणल्यावर

नवं आलेलं जुनं पुस्तक लगेच कपाटात ठेवायचं नाही. पारदर्शक पिशवीत घालून पंधरा दिवस वेगळं ठेवा. तळाशी पिठासारखी भुकटी जमली तर कीड जिवंत आहे.

हिरव्या कापडाचं व्हिक्टोरियन पुस्तक असेल, तर आणखी जपून. १८४० ते १८६० च्या दशकांत बांधणीच्या कापडाला गडद पाचूसारखा हिरवा रंग देण्यासाठी तांबं आणि अर्सेनिकचं संयुग वापरलं जाई. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने २०१९ पासून अशी पुस्तकं शोधून नोंदवायला सुरुवात केली. हा रंग हाताला लागतो. नायट्राइलचे हातमोजे घाला, झिपच्या पॉलिथिन पिशवीत स्वतंत्र ठेवा, जेवणाच्या टेबलावर आणू नका, नंतर हात धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्या. मुलांच्या हाती देऊ नका. विषारी पुस्तक ही इथे गोष्ट नसून वस्तुस्थिती आहे.

कीड असेल तर डीप फ्रीझर. पुस्तक दोन पिशव्यांत, हवा दाबून काढून, उणे १८ अंशांना दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर दव कागदावर जमतं. चामड्याची बांधणी किंवा चिकटवलेले फोटो असतील तर हा उपाय नको. बुरशी मात्र थंडीने मरत नाही, झोपते. आधी पंख्याखाली सावलीत पूर्ण वाळवा, मग मास्क लावून, गच्चीवर, मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झटका. ओली असताना पुसलीत तर ती कागदात घुसते. कडक ऊन दाखवण्याची आपली जुनी सवय इथे घातक ठरते: कापड विटतं, कागद ठिसूळ होतो. ‘वीअर्ड टेल्स’सारख्या मासिकांचा कागद तर मुळातच आम्लयुक्त, तो उन्हात दोन दिवसांत तपकिरी होतो.

वास घालवायला मोठा डबा, तळाशी वाटीत खाण्याचा सोडा, वर जाळीवर पुस्तक, झाकण बंद, दोन आठवडे. अत्तर, धूप, डिओ काही नको.

दुरुस्तीत सर्वांत जास्त नुकसान चिकटपट्टी करते. तिचा डाग कायमचा. फेव्हिकोलही नको, पुन्हा सुटत नाही. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ आणि पातळ जपानी कागद वापरा, पुढे कुणाला काढायचं झालं तर पाण्याने सुटतं. बाइंडरकडे द्यायचंच असेल, तर चार गोष्टी तोंडी नव्हे, चिठ्ठीवर लिहून द्या: कडा कापायच्या नाहीत, मूळ मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं आतच बांधायची, जुनी शिवण शक्यतो उसवायची नाही, खळीत मोरचूद घालायचा नाही. मोरचुदाने कीड थांबते खरी, पण तांबं कागदाला आतून कुजवतं. बाइंडरचा हात सवयीने कटिंग मशीनकडे जातो. एकदा समास गेला की गेला.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकू नये, मागे चार-पाच सेंटिमीटर जागा ठेवा, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के चांगली, ६५ च्या वर बुरशी धरते. मुंबई-कोकणात जूनपासून ती ८० च्याही वर असते, म्हणून मोलाची पुस्तकं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तीस-चाळीस लिटरच्या डब्याला पाव किलो सिलिका जेल सुरुवातीला पुरेल. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवून कमी-जास्त करा. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोन तास तापवून पुन्हा वापरा. वेष्टनाला पॉलिएस्टरचं आवरण घाला. शाळेच्या वह्यांना घालतात ती मऊ पीव्हीसीची कव्हरं शाईला चिकटतात. डांबरगोळ्या पुस्तकांत ठेवू नका. कसर त्यांना फारशी जुमानत नाही आणि वास कागदातून जात नाही.

प्रत्येक प्रतीची नोंद वहीत ठेवा: संहिता कुठली, मुद्रण कितवं, फर्मे पूर्ण का, काय गहाळ, कधी फ्रीझरमध्ये ठेवली. पुस्तकावर लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलीने, मागच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात. दसऱ्याला पूजेसाठी पुस्तकं बाहेर येतातच, आणि पाऊसही तोवर ओसरलेला असतो. त्याच दिवशी प्रत्येकाचा कणा पांढऱ्या कागदावर हलकेच ठोकून बघा आणि भुकटी पडलेली पुस्तकं तिथल्या तिथे पिशवीत घाला.